मिटणारें पुस्तक

वाचनाचे फायदे आणि वाचनानें होणारी मनाची मशागत यांवर व्याख्यानें पुष्कळ होतात. परंतु वाचीत असतां पुस्तक उघडें राहावें कसें, या साध्या प्रश्नाकडे विद्वानांचें लक्ष सहसा जात नाहीं. ज्याला दोन्ही हातांनीं पुस्तक धरून आरामखुर्चींत रेलतां येतें, त्याला हा प्रश्न पडण्याचें कारणच नाहीं. पण ज्याचा एक हात लेखणीला, कणकेला किंवा काठीला दिलेला आहे, त्याला तो रोज पडतो. आणि श्रोतेहो, असे वाचक आपल्या समाजांत थोडेथोडके नाहींत.

कुपवाडचेंच उदाहरण घ्या. सांगली आणि मिरज या दोन जुन्या संस्थानी शहरांच्या शेजारीं वसलेलें हें गांव. 1998 सालीं या तिघांची मिळून एक महानगरपालिका झाली. गांवाची आजची ओळख म्हणजे तेथील औद्योगिक वसाहत, तिच्यांतील ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने, आणि पाळीपाळीनें कामावर जाणारीं माणसें. अशा एखाद्या घरांत रात्रीं आठच्या सुमारास डोकावून पाहिलें, तर काय दिसावें? थोरली मुलगी स्पर्धा-परीक्षेसाठीं इतिहासाच्या एका जाडजूड पुस्तकांतून टिपणें काढीत बसली आहे. डाव्या पानावर तिनें भ्रमणध्वनी ठेवला आहे, उजव्या पानावर कंपासपेटी. वाक्य अर्धें उतरून होतें न होतें तोंच भ्रमणध्वनी वाजतो, तो उचलावा लागतो, आणि पुस्तक फडफडत मिटतें. पान सांपडेपर्यंत वाक्याचा उरलेला अर्धा भाग मनांतून गेलेला असतो. तिकडे स्वयंपाकघरांत आई ओट्याशीं उभी राहून दिवाळी अंकांतील कथा वाचतां वाचतां पोळ्या लाटते. अंकाच्या डोक्यावर मिठाचा डबा ठेवलेला, आणि पान उलटावयाचें म्हणजे पिठाचा हात पुसणें आलेंच. आजोबांची गोष्ट निराळी. त्यांना वेळ भरपूर, पण हात कांपतो. पुस्तक हातांत धरलें तर अक्षरें हलतात; खालीं ठेवलें तर पुस्तक मिटतें. शेवटीं ते नातवाला हांक मारतात, “बाळ, जरा पान धर बघूं.” नातू दोन पानें धरतो आणि तिसऱ्या पानाला खेळावयास पळतो. त्याला दोष कोण देणार?

घरोघर या कामीं जीं वजनें वापरलीं जातात त्यांची एकदां मोजदाद करावी, म्हणजे मौज वाटेल. पाण्याचा तांब्या ठेवला कीं पानावर त्याच्या बुडाचें वर्तुळ कायमचें उमटतें. अडकित्ता बसका आणि जड खरा, पण त्याची धार कागद ओरबाडते आणि काताचे डाग राहतात ते निराळेच. कांचेचा गोल दाब सपाट टेबलावर कागद राखावयास उत्तम; उघड्या पुस्तकाचें पान उतरतें असल्यामुळें तो तेथून घरंगळतो आणि नेमका पायावर पडतो. कपडे वाळत घालण्याचा चिमटा पानाला चावतो. कोणी उघड्या पुस्तकावर दुसरें पुस्तक आडवें टाकतात; त्यानें निम्मा मजकूर झांकला जातो. खलबत्त्यांतील बत्ता आणि पाट्यावरील वरवंटा यांचीही नेमणूक या कामीं झालेली आहे. त्यांच्याविषयीं न बोलणें बरें.

पण या सर्वांहून वाईट शस्त्र म्हणजे माणसाचा तळहात. पुस्तक मिटतें म्हणून वाचक चिडतो, तें टेबलावर पालथें न घालतां उताणें ठेवतो, आणि मधल्या शिवणीवर तळहात ठेवून अंगाच्या भारानें दाबतो. ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. पुस्तक मग निमूटपणें उघडें राहतें, आणि वाचकाला जिंकल्यासारखें वाटतें. तो आवाज पुस्तकाच्या कण्याचा असतो. सहा महिन्यांनीं त्याच जागेवरून पानें गळूं लागलीं म्हणजे तोच वाचक प्रकाशकाला बोल लावतो.

मग करावयाचें काय? पानांवर अलगद बसणारें, दोन्ही बाजूंस सारखें, अक्षरें न झांकणारें असें एक हलकें वजन या मुलीला, आईला आणि आजोबांना हवें आहे. ती वस्तु बाजारांत मिळते आणि घरींही करतां येते. पण तिच्याकडे वळण्यापूर्वीं पुस्तक मुळांत मिटतें कां, हें पाहिलें पाहिजे. कारण आपली जुनी पोथी मिटत नसे.

पोथी म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा. लांबट, आडवीं पानें. वर-खालीं लांकडी फळ्या. त्यांभोवतीं रुमाल आणि त्यावर दोरी. वाचणारा एक पान उचलतो, वाचून झालें कीं उलटून पलीकडे ठेवतो, आणि पुढचें पान आपोआप समोर येतें. येथें शिवण नाहीं, पाठ नाहीं, म्हणून ताणही नाहीं. पोथीला भय वाऱ्याचें; वरची फळी वाचलेल्या पानांवर ठेवली कीं तेंही राहत नाहीं. कृष्णाकांठीं औदुंबराला किंवा नरसोबाच्या वाडीला गुरुचरित्राच्या पारायणास बसलेल्या माणसांपुढें अजूनही अशी पोथी दिसते, आणि पोथीखालीं ठवणी. एकाच फळींतून कोरून काढलेली, एकमेकींत अडकलेल्या दोन पाखांची, घडी घालतां येणारी ही बैठक. तिला व्यासपीठ असेंही म्हणतात. मिरजेंत कुराण वाचतांना पुढें मांडली जाणारी रेहल ही तिचीच बहीण. घाट तोच, अडकवण्याची युक्तीही तीच. ठवणीची खुबी अशी कीं, तिच्यावर बांधीव ग्रंथ ठेवला तरी तो पुरता सपाट होत नाहीं. दोन्ही पुठ्ठे उतरत्या पाखांवर टेकतात आणि पाठीला ओढ बसत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या सामुदायिक पारायणांत वाचक ओळीनें बसतात तेव्हां त्यांच्यापुढें अशाच बैठका असतात, आणि सर्वांना एका लयींत पुढें नेणाऱ्या माणसाला व्यासपीठचालक हें नांवच पडलें आहे.

जुन्या लोकांनीं ग्रंथ हाताळण्याचा विचार लिहिण्यापासूनच केला होता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यांत समर्थांनीं पानाच्या भोंवतीं मोकळी जागा सोडावयास सांगितलें आहे, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडत नाहीं. आणि तरुणपणीं इतकें बारीक लिहूं नये कीं म्हातारपणीं तें निरुपयोगी व्हावें, असेंही सुचविलें आहे. आजच्या कांहीं प्रकाशकांनीं हा समास अवश्य वाचावा. कागद वांचवण्याच्या हव्यासानें त्यांनीं पानाची आंतली कोर इतकी अरुंद केली आहे कीं, ओळीचा शेवटचा शब्द वाचण्यासाठीं शिवणीच्या दरींत उतरावें लागतें. अशा पुस्तकाची पाठ वाचकानें मोडली, तर सगळा अपराध वाचकाचा कसा म्हणावा?

छापण्याची कला या भागांत फार लवकर आली. 1805 सालीं मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. पण छापणें निराळें आणि बांधणें निराळें. एकोणिसाव्या शतकांत शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्याही पुष्कळ काळ सुट्या पानांच्याच निघत, कारण वाचणाऱ्यांना तीच संवय होती. पाठ असलेलें पुस्तक घरोघर गेलें तें शाळा, क्रमिक पुस्तकें आणि कादंबऱ्या यांच्या संगतीनें. युरोपांत एके काळीं याच्या उलट अडचण होती. तेथील जुने ग्रंथ कमावलेल्या चामड्याच्या पातळ पानांवर लिहिलेले. हवा दमट झाली कीं तीं पानें फुगून वांकडीं होत आणि ग्रंथ आपण होऊन उघडूं पाही. म्हणून पुठ्ठ्यांना पितळी कड्या बसवून तो मिटून ठेवावा लागे. ग्रंथाचा स्वभाव असा त्याच्या अंगच्या द्रव्यावर ठरतो.

आतां बांधणीकडे वळूं. जुजबंदीच्या बांधणींत घडी घातलेले फर्मे घडीच्या मध्यावर दोऱ्यानें शिवतात, एक फर्मा दुसऱ्याशीं गुंफतात, पाठीला खळ व कापडाची पट्टी लावतात आणि वर पुठ्ठा चढवतात. खळीला कसर लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालण्याचीही रीत आहे. दोरा लवतो. त्यामुळें असें पुस्तक दोन-चार वेळां वाचून झालें कीं माणसाळतें, आणि जेथें उघडावें तेथें पडून राहतें. दुसरी बांधणी गोंदाची. तींत घड्या कापून पानें सुटीं करतात, पाठीची कड खरवडतात, तिच्यावर वितळवलेला गरम गोंद लावतात आणि वरून जाड कागदाचें वेष्टण दाबतात. काम झटपट होतें, खर्च कमी येतो, पुस्तक विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतें. तेव्हां या बांधणीला सरसकट नांवें ठेवणें योग्य नव्हे. पण या पुस्तकाला दोरा नाहीं. त्याची पाठ म्हणजे गोंदाचा एक ताठ पट्टा. पुस्तक उघडलें कीं तो वांकतो, सोडलें कीं धनुष्यासारखा परत येतो. फार दाबलें तर चिरतो, आणि जुना झाला कीं अधिकच ठिसूळ होतो. त्या मुलीचें इतिहासाचें पुस्तक फडफडत मिटतें त्याचें कारण हें आहे.

शिवाय कागदालाही धागा असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. यंत्रावर कागद तयार होतांना त्यांतील तंतु बहुतांशीं एकाच दिशेनें पडतात. वर्तमानपत्राचा तुकडा फाडून पाहावा: एका दिशेनें तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनें वेडावांकडा. हा धागा पुस्तकाच्या पाठीशीं समांतर असला तर पान मऊपणें लवतें. आडवा असला तर तें ताठ उभें राहतें, आणि मग कितीही चांगलें बांधलेलें पुस्तक हट्टी निघतें.

म्हणजे पुस्तकाचा मिटण्याचा जोर पाठीपासून निघतो. हें एकदां ध्यानांत आलें कीं वजन कोठें ठेवावें याचें उत्तर आपोआप मिळतें. दार बिजागरीजवळ ढकललें तर अंगाचा जोर लावावा लागतो, कडेला ढकललें तर बोटानें हलतें. पुस्तकाचें पान हें असें एक दारच आहे. पाठीजवळ ठेवलेलें वजन जड लागतें आणि तें सगळें शिवणीवर बसतें; बाहेरच्या कडेकडे ठेवलेलें थोडेंसें वजनही पुरतें. मात्र दोन सुटीं वजनें दोन कडांना ठेवलीं तर तीं घसरतात, एक उचलतांना दुसरें पडतें. म्हणून दोन्ही टोकांना भार आणि मध्यें त्यांना जोडणारी मऊ पट्टी, ही योजना सर्वांत चांगली. दिसण्यांत ती कावडीसारखी आहे. फरक एवढाच कीं, कावडींत सगळा भार मधल्या खांद्यावर येतो. येथें तो दोन्ही पानांवर उतरतो आणि मधली शिवण मोकळी राहते. परदेशांत अशा चामड्याच्या पट्ट्या, टोकांत शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे शिवलेल्या, विकत मिळतात, आणि आपल्याकडेही आतां मागवतां येतात. पण ज्या घरांत सुई-दोरा आहे, त्या घरानें यासाठीं पैसे खर्चण्याचें कारण दिसत नाहीं.

मांजरपाटाची किंवा जुन्या धोतराच्या दुपदरी कापडाची, सव्वा वीत लांब आणि तीन बोटें रुंद अशी नळी शिवावी. मध्यें अर्धी वीत जागा रिकामी सोडून दोन्ही बाजूंस आडवी टीप घालावी, म्हणजे टोकांना दोन पिशव्या होतात. प्रत्येक पिशवींत चार-पांच तोळे, म्हणजे सुमारें 50 ते 60 ग्रॅम भार भरून तोंड शिवून टाकावें. नेहमींच्या आकाराच्या पुस्तकाला एवढें पुरतें. फार जाड किंवा हट्टी पुस्तकाला याच्या दुपटीपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. तोळ्यांचा हिशेब वयस्क माणसांना पटकन कळेल: चांदीचा जुना रुपया 1 तोळ्याचा असे, आणि शेर 80 तोळ्यांचा. 1958 पासून दशमान वजनें लागू होऊं लागलीं आणि शेर-अच्छेर माळ्यावर गेले. माळ्यावरचें तें पावशेराचें लोखंडी वजन खालीं काढून पुस्तकावर ठेवण्याचा मोह होईल, तो आवरावा. 20 तोळ्यांचा तो गोळा एकाच जागीं बसतो आणि त्याच्या बुडाचा गंज पानावर उतरतो.

पिशवींत भरावयाचें काय, याला महत्त्व आहे. तांदूळ, गहूं, मोहरी मुळींच भरूं नये. मुंग्या, झुरळें आणि उंदीर यांना पुस्तकावर जेवावयास बोलावल्यासारखें होतें. शिसें जड खरें, पण विषारी. लहान मुलें असलेल्या घरांत तर तें नकोच. बांधकामाची बारीक वाळू दोन-तीन वेळां धुऊन, कडक उन्हांत वाळवून, चाळून घेतली कीं उत्तम काम देते. ओलसर राहिली तर मात्र पान डागाळतें. कुपवाडकरांना याहून चांगली सोय आहे. ओतीव लोखंडी वस्तूंवर चिकटलेली वाळू झाडण्यासाठीं ओतकामाच्या कारखान्यांत त्यांवर बारीक पोलादी छरे जोरानें मारतात. असे स्वच्छ, न वापरलेले छरे मूठभर मिळाले, तर वाळूच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या जागेंत तेंच वजन मावतें आणि पट्टी चपटी राहते. छऱ्यांना गंज चढतो, म्हणून आंतून प्लॅस्टिकची लहान पिशवी घालावी. छरे मालकाला विचारून घ्यावे, हें सांगावयास नकोच. लोखंडाचें ओतकाम आणि वाचन यांची सांगड या जिल्ह्याला नवी नाहीं. किर्लोस्करवाडीस जेथें लोखंडी नांगर ओतले जात, तेथूनच 1920 सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागलें, आणि पुढें त्याचेंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालें.

पट्टी पानाच्या डोक्यावरील मोकळ्या कोरेवर आडवी ठेवावी. पान उलटतांना उजवें टोक उचलून पान मोकळें करावें, मग डावें टोक उचलून तें त्याखालीं घ्यावें. दोन दिवसांत हाताला संवय होते. पोळ्या लाटणारीला हें करंगळीनेंही जमतें. पण पट्टीहूनही अधिक उपयोगाची एक गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे. पुस्तकाच्या आरंभीं डावीकडे दहा पानें असतात आणि उजवीकडे चारशें. डावा पुठ्ठा खालीं लोंबतो, उजवा ढिगावर चढलेला असतो, आणि पाठ दोहोंच्या ओढींत पिळली जाते. अशा वेळीं डाव्या पुठ्ठ्याखालीं एखादी वही किंवा घडी घातलेला पंचा सारून दोन्ही बाजू एका उंचीवर आणाव्या. वाचन पुढें जाईल तसा तो आधार कमी करावा, आणि मध्य ओलांडल्यावर उजवीकडे न्यावा. एवढें केलें तर पुष्कळ पुस्तकें जेमतेम वजनानेंही शांत राहतात.

जगांतील मोठ्या ग्रंथालयांत दुर्मीळ ग्रंथ वाचावयास देतांना हेंच करतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीसारख्या ठिकाणीं वाचकाला फोमच्या उतरत्या उशा मिळतात. त्यांवर ग्रंथ अर्धवट उघडा ठेवावयाचा आणि पानावर सुती कापडांत शिवलेली वजनांची माळ अलगद सोडावयाची. इंग्रजींत तिला साप म्हणतात, आणि ती दिसतेही तशीच. म्हणजे ठवणीची उशी झाली आणि पोथीच्या फळीचा साप झाला, विचार जुनाच.

हें सर्व सांगण्यास सांगली-कुपवाडकडे एक विशेष कारण आहे. सांगलीचें नगर वाचनालय 1869 सालीं स्थापन झालें. 2019 च्या ऑगस्टांत कृष्णेला जो महापूर आला, त्यांत त्याच्या संग्रहांतील हजारों पुस्तकें भिजलीं. 2005 आणि 2021 सालींही पुरानें शहराला वेढलें होतें. पुस्तक भिजतें तेव्हां खळ सुटते, फर्मे फुगतात, गुळगुळीत कागदाचीं पानें एकमेकांस कायमचीं चिकटतात, आणि वाळल्यावर पानांना अशा लाटा पडतात कीं पुस्तक धड मिटतही नाहीं. कपाटाच्या वरच्या फळीवर होतीं म्हणून, किंवा वाचकांच्या घरीं गेलेलीं होतीं म्हणून जीं पुस्तकें पुरांतून वांचलीं असतील, त्यांपैकीं पुष्कळांची दुसरी प्रत आज दुकानांत मिळावयाची नाहीं. अशा पुस्तकाच्या शिवणीवर तळहात दाबणारा वाचक पुराचेंच काम करतो. पूर तें एका रात्रींत उरकतो, वाचक वर्षभर घेतो, इतकेंच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील स्वस्त कागद तर फारच नाजूक. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या त्या कागदांत तुरटीचा अंश असतो, त्याचें कालांतरानें आम्ल होतें, पान पिवळें पडतें आणि कोपरा बोटांत तुटून येतो. अशा पुस्तकाला पट्टीही निम्म्या वजनाची घ्यावी, चित्रांवर आणि घडीच्या नकाशांवर ती ठेवूं नये, आणि पुस्तक ठवणीवरच वाचावें. तें जेवढें आपण होऊन उघडेल तेवढ्यावर समाधान मानावें.

कोणी म्हणेल, आतां पडद्यावर पुस्तकें वाचतां येतात आणि पडदा मिटत नाहीं. मग हा सगळा खटाटोप कशाला? पडद्याशीं भांडण्याचें कारण नाहीं. ज्याला तो मानवतो त्यानें खुशाल त्यावर वाचावें. पण सगळीं पुस्तकें पडद्यावर आलेलीं नाहींत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना तो सोसत नाहीं. येथें अर्धांगवायूनें एक हात गेलेल्या माणसाचा विचार करावा. त्याची दृष्टि शाबूत असते, बुद्धि शाबूत असते, वाचनाची भूक तर पूर्वींपेक्षां वाढलेली असते, कारण दिवस मोठा झालेला असतो. घरचीं माणसें प्रेमळ असतात, पुस्तक आणून देतात, उशी लावून देतात. पण पुस्तक धरावयाचें आणि पान उलटावयाचें हीं दोन कामें एका हातानें एकाच वेळीं होत नाहींत, आणि दर दोन मिनिटांनीं हांक मारावयाची त्याला लाज वाटते. कांहीं दिवसांनीं तो पुस्तक मागेनासा होतो. घरचे म्हणतात, आतां त्यांचें वाचनांत मन लागत नाहीं. खरोखर मन लागत नाहीं असें नसतें. पुस्तक उघडें राहत नाहीं, एवढीच अडचण असते. अशा माणसापुढें मांडीच्या उंचीची एक ठवणी आणि तिच्यावर ही कापडी पट्टी ठेवून पाहावी. त्याच्यासाठीं पट्टी थोडी जड घ्यावी आणि टोकांना बोट अडकेल असा नाडीचा फांसा शिवावा, म्हणजे एकाच हातानें ती उचलतां येते. कांपऱ्या हाताच्या आजोबांनाही तोच फांसा उपयोगी पडेल, आणि नातवाची खेळावयाची वेळ बुडणार नाहीं.

नवें पुस्तक घरीं आणल्याबरोबर त्याला वळण लावावें, म्हणजे पुढें वजनाची गरजच कमी पडते. पुस्तकाची पाठ टेबलावर टेकवावी, दोन्ही पुठ्ठे दोहों बाजूंस खालीं सोडावे आणि पानांचा गठ्ठा हातांत उभा धरावा. मग पुढून चार-पांच पानें, मागून चार-पांच पानें, असें आळीपाळीनें उघडीत शिवणीजवळून बोट अलगद फिरवावें आणि मध्यापर्यंत यावें. काम दहा मिनिटांचें आहे. गोंदाच्या बांधणीला तें विशेष हळू हातानें करावें. वाचन संपलें कीं पट्टी काढून बाजूला ठेवावी. ती आंत ठेवून पुस्तक मिटूं नये, कारण पिशव्यांच्या जाडीनें पाठ फुगते आणि पानांना बांक येतो. कोठपर्यंत वाचलें याची खूण म्हणून कागदाचा एक चिटोरा पुरे.